ब्रिटनमध्ये पहिला रॅप अल्बम: आधी मालकी, मग मिक्स, तारीख सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, लेस्टरमध्ये शिक्षण संपवून आता ग्रॅज्युएट व्हिसावर आहात. ड्रिल आणि ग्राइम या ब्रिटनमध्ये चालणाऱ्या रॅपच्या प्रकारांच्या अंगाने जाणारी, बहुतेक इंग्रजी पण मधेच मराठीत उतरणारी १३ गाणी तयार आहेत. त्यातले ६ बीट (ज्यावर रॅप म्हणायचा ते तयार संगीत) इंटरनेटवरून लीजवर घेतलेत, ४ पुण्यातल्या मित्राने केलेत आणि ३ लेस्टरमधल्या मित्राने. तो अजून स्टुडंट व्हिसावर आहे. पुण्याच्या एका बीटमध्ये जुन्या लावणीच्या रेकॉर्डवरून उचललेली ढोलकी आहे. ६ आठवड्यांत अल्बम काढायचाय, आणि विचारताय की डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोचवणारी कंपनी) कोणता घ्यावा आणि मास्टरिंगवर (मिक्सनंतरचा शेवटचा हात) किती खर्च करावा.

डिस्ट्रिब्युटरचं उत्तर छोटं आहे, ते खाली देते. पण अडचण त्याच्या बरीच अलीकडे आहे. या १३ पैकी प्रत्येक गाण्याचे मालक कोण आणि किती टक्के, हे आज कोणी विचारलं तर तुम्हाला कागद दाखवून सांगता येईल का? प्रश्न वाचून वाटतं की दोन-तीन गाण्यांपुरतंच सांगता येईल. अल्बम अडकतो तो इथे. गाणं वाईट निघालं तर पुढचं चांगलं करता येतं. पण मालकीचा घोळ असलेलं गाणं चालायला लागलं की नेमकं तेव्हाच ते खाली उतरवावं लागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. लीजच्या करारांत नेमकं काय लिहिलंय, सीडी किंवा व्हायनल काढायचं आहे का, पुढे एखाद्या लेबलशी बोलायची इच्छा आहे का, यावर तपशील बदलतील. कामाचा क्रम मात्र बदलत नाही.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क आधी 'प्रोड्यूसर'कडे जातो, पण तिथे त्या शब्दाचा अर्थ बीट करणारा असा नाही. मुद्रण होण्यासाठी लागणारी व्यवस्था ज्याने केली, तो प्रोड्यूसर. स्टुडिओ तुम्ही ठरवला, पैसे तुम्ही दिले, तर बाजू तुमची भक्कम. एखाद्याने "पैशांचं नंतर बघू" म्हणत आपल्या स्टुडिओत फुकट रेकॉर्ड करून दिलं असेल, तर तिथे प्रश्न उभा राहतो. शिवाय मालकी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची तर ती लेखी आणि सहीनिशीच द्यावी लागते. व्हॉट्सॲपवरचं "चालेल भावा, वापर" फार तर परवानगीचा पुरावा होईल. त्याने मालकी हलली असं कोणी धरून चालू नये.

म्हणून पहिलं काम: एका तक्त्यात १३ ओळी. प्रत्येक ओळीत गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, बीट कोणाचा, रचनेतली टक्केवारी, आवाज कोणाकोणाचे, कुठे मुद्रित झालं, पैसे कोणी दिले, आणि करार कुठल्या फोल्डरमध्ये आहे. टक्केवारीची रूढ पद्धत म्हणजे शब्दांना निम्मे, संगीताला निम्मे. पाहुण्या रॅपरने स्वतःचा व्हर्स (रॅपचं कडवं) लिहिला असेल तर त्याचा वाटा शब्दांच्या निम्म्यातून जातो. हुक (पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद) दुसऱ्याने लिहिला आणि चालही त्याचीच असेल तर दोन्हीकडून थोडं थोडं. बेरीज १०० झालीच पाहिजे. ही बोलणी गाणं बाहेर यायच्या आधी करा. मैत्री टिकवायचा तोच मार्ग आहे.

आता लीजवरचे ६ बीट. लीज म्हणजे भाडेकरार, आणि भाडेकरूसारख्याच अटी त्यात असतात. सर्वात स्वस्त लीजमध्ये एमपी३ मिळते, त्यापुढच्यात वॅव्ह, त्यापुढे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल म्हणजे ट्रॅकआउट, मग अमर्याद वापर आणि शेवटी एक्स्क्लुझिव्ह. खालच्या पायऱ्यांवर स्ट्रीमची कमाल मर्यादा असते, कधी मुदत असते, कधी रेडिओ किंवा व्हिडिओची वेगळी अट असते. बहुतेक करारांत रचनेतला निम्मा वाटा बीटवाल्याकडे राहतो. तो तुमच्या तक्त्यात लिहिलाच पाहिजे, नाहीतर पुढे नोंदणी चुकीची होते.

इथे नेहमी होणारी चूक कॉन्टेंट आयडीची, म्हणजे यूट्यूबच्या संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेची. अपलोड करताना डिस्ट्रिब्युटर विचारतो, यूट्यूबवर तुमचं संगीत वापरणाऱ्यांकडून पैसे गोळा करायचे का? लोक सहज हो म्हणतात. पण लीजवरचा तोच बीट आणखी चाळीस जणांनी घेतलेला असू शकतो. तुमची फाइल नोंदली की त्या सगळ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातात. किंवा त्यांच्यापैकी कोणी आधीच नोंदलेलं असेल तर तुमच्या व्हिडिओवर त्याचा दावा येतो. म्हणून बिनएक्स्क्लुझिव्ह बीटवर कॉन्टेंट आयडी बंदच ठेवायचं, आणि जवळजवळ प्रत्येक लीजमध्ये ती अट लिहिलेलीही असते. तयार लूपच्या संग्रहांतून बांधलेल्या बीटलाही हेच लागू आहे: लूप रॉयल्टीमुक्त असला तरी तो एकट्या तुमचा नसतो. बीटवाल्याकडून लेखी मागा की त्यात कुठले लूप आहेत आणि कुणाच्या गाण्याचा तुकडा नाही ना.

माझा सल्ला: सहांपैकी ज्या एक-दोन गाण्यांवर अल्बम उभा आहे, त्यांचं एक्स्क्लुझिव्ह घ्या, ते परवडत नसेल तर अमर्याद लीज, ट्रॅकआउटसकट. एक्स्क्लुझिव्ह घेतलं तरी आधी विकलेल्या लीज चालूच राहतात, हे लक्षात ठेवा. उरलेल्या चारांसाठी एक सोपा रस्ता आहे. तुमचा आवाज तुमचा आहे. तो १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० ठोके) क्लिकवर स्वच्छ रेकॉर्ड केलेला असेल, तर बीट काढून टाकून नुसता आवाज पुण्याच्या मित्राकडे पाठवा आणि त्यावर नवा बीट बांधून घ्या. रॅपमध्ये हे इतर प्रकारांपेक्षा सहज जमतं, कारण बोललेल्या व्हर्सला स्वर चिकटलेला नसतो. फक्त हुक गायलेला असेल तर त्याची पट्टी कळवा, आणि हुकची चाल जुन्या बीटच्या सुरावटीतूनच आलेली नाही ना हे प्रामाणिकपणे तपासा. तशी असेल तर हुक नव्याने करावा लागेल.

पुण्याच्या मित्राबद्दल. तो आयपीआरएसचा (रचनेची रॉयल्टी गोळा करणारी भारतातली संस्था) सदस्य असेल किंवा होणार असेल, तर त्याचा रचनेतला वाटा तिथे नोंदला जाईल आणि तुमचा इथे पीआरएस या तशाच ब्रिटिश संस्थेत. दोन्ही संस्थांचे एकमेकींशी करार असतात, त्यामुळे ब्रिटनमध्ये वाजल्याचे पैसे त्याच्यापर्यंत पोचू शकतात. अट एकच: दोन्हीकडे टक्केवारी तंतोतंत सारखी आणि नावांचं स्पेलिंगही सारखं. एकाने ५०-५० भरलं आणि दुसऱ्याने ६०-४०, तर वाद मिटेपर्यंत त्या गाण्याचे पैसे अडकून पडतात. मास्टरबद्दल त्याच्याकडून सहीचा छोटा करार घ्या: बीटच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क तुमच्याकडे, बदल्यात अमुक रक्कम किंवा मास्टरच्या उत्पन्नातला अमुक टक्का.

लावणीच्या ढोलकीवर थोडं थांबते, कारण यात फार गैरसमज आहेत. "तीन सेकंदांपर्यंत फुकट" असा कुठलाही नियम ब्रिटनमध्ये नाही आणि भारतातही नाही. ब्रिटिश कायदा 'मूळ कृतीचा लक्षणीय भाग' घेतला का ते पाहतो, आणि ओळखू येणारा छोटा तुकडाही लक्षणीय ठरू शकतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, आणि गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे ७० वर्षांचा हिशोब आहे. लावणी पारंपरिक असली तरी ती रेकॉर्ड पारंपरिक नसते. रीतसर परवानगी हवी तर रेकॉर्डच्या लेबलवरचा कंपनीचा नंबर, गीतकार आणि संगीतकार यांची नावं टिपून घ्या. मुद्रणासाठी रेकॉर्ड कंपनीकडे आणि रचनेसाठी प्रकाशकाकडे किंवा वारसांकडे, अशी दोन पत्रं जातील. याला महिने लागतात, आणि आगाऊ रकमेशिवाय तुमच्या गाण्यातला वाटाही मागितला जातो.

तुमच्या बाबतीत हा खटाटोप मी करणार नाही, कारण तुम्हाला फक्त ढोलकी हवी आहे. ठेका कोणाच्या मालकीचा नसतो. पुण्यात उत्तम ढोलकीवादक आहेत; त्यांच्याकडून तो नव्याने वाजवून घ्या. आणि इथे एक सुंदर योग जुळतो. ब्रिटिश ड्रिलमधला स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) दोन बारांचं (चार ठोक्यांचा एक बार) चक्र घेऊन फिरतो: पहिल्या बारात तिसऱ्या ठोक्यावर, दुसऱ्या बारात चौथ्यावर. चार अधिक चार, आठ मात्रा. धुमाळीही आठ मात्रांचीच. १४० बीपीएमला हे एक आवर्तन साधारण ३.४ सेकंदांत पूर्ण होतं. ढोलकीची सम बारच्या पहिल्या ठोक्याशी बसवली की स्नेअरचा उशिरा पडणारा ठोका ढोलकीच्या भरण्याला छान जागा देतो. एक माइक उजव्या पुडीजवळ, एक डाव्या पुडीजवळ, वादकाच्या कानात क्लिक, आणि कमीत कमी १६ आवर्तनं सलग. तुकडा लूप करून फिरवण्यापेक्षा सलग वाजवलेलं वापरा. हाताचा बारीक फरकच त्यात जीव आणतो. एक काळजी घ्या: डाव्या पुडीचा घुमार आणि ८०८ चा (ड्रम मशीनचा खोल) बास एकाच पट्ट्यात भांडतात. ढोलकीतलं ९० हर्ट्झच्या खालचं काढून टाका आणि तळ ८०८ ला द्या. वादकाला ठरलेलं मानधन, त्याची लेखी संमती आणि श्रेयात नाव, तिन्ही हवं.

लेस्टरच्या मित्राचा मुद्दा नाजूक आहे. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणून कामही करता येत नाही. त्याने बिल पाठवणं, पैसे घेऊन बीट विकणं किंवा तुमच्या कार्यक्रमात मानधन घेऊन उभं राहणं, यातून त्याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. कुठलीही सही होण्याआधी त्याने त्याच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. तिथला सल्ला फुकट असतो. तुमच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो; बंदी आहे ती व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यावर. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात अशा कामाची एकूण जमा १,००० पौंडांच्या वर गेली की सेल्फ असेसमेंटसाठी (स्वतः कराचं विवरण भरण्यासाठी) नोंदणी करावी लागते. खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता गाण्यांकडे येऊ. तेराची तेरा ठेवू नका. ब्रिटनचं २०१९ चं मर्क्युरी संगीत पारितोषिक मिळवणारा, रॅपर डेव्हचा 'सायकोड्रामा' हा अल्बम ११ ट्रॅकचा आहे, आणि मानसोपचाराच्या बैठकीचं सूत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून आहे. तुमच्याकडे कोल्हापूर-लेस्टर हे सूत्र आपोआप आहे. नऊ-दहा गाणी निवडा आणि मराठी ओळी कुठे येतात ते पाहून क्रम लावा. सलग तीन गाणी एकाच वेगाची, एकाच पट्टीतली आली तर चौथं ऐकायच्या आधी माणूस निघून जातो.

आवाजाच्या मुद्रणासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. द स्ट्रीट्स या नावाने निघालेला ब्रिटिश रॅपचा २००२ चा पहिला अल्बम ब्रिक्सटनच्या एका खोलीत झाला आणि आवाजासाठी रिकामं केलेलं कपाट वापरलं गेलं. खोलीचा प्रतिध्वनी मारणं एवढंच खरं काम आहे. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया लावा. माइकमागे लावायचा छोटा अर्धगोल पडदा एकटा पुरत नाही, कारण माइक तुमच्या समोरून ऐकतो आणि तुमच्या पाठीमागची भिंत त्याला थेट दिसते. खोली बोडकी असेल तर कंडेन्सर माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा. अंतर १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात जोरातली ओळ उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवा. मीटर लाल झाला तर ते नंतर दुरुस्त होत नाही.

मराठी ओळींसाठी एक खास सूचना. भ, फ, ध, ख असे महाप्राण उच्चार तोंडातून हवेचा झोत फेकतात आणि इंग्रजीच्या मानाने ते फार वेळा येतात. माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता २०-३० अंश वळवून ठेवा, म्हणजे झोत बाजूने निघून जाईल. इंग्रजी ओळींत उलटी अडचण येते: इथल्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'ट' गिळला जातो, आणि ती नक्कल करताना अख्खा शब्दच हरवतो. तो आवाज वाढवून परत येत नाही, ओळ पुन्हा म्हणावी लागते. आणि लेस्टर-कोल्हापूरचा तुमचा जो उच्चार आहे तोच ठेवा. उसना लंडनचा उच्चार इथल्या श्रोत्याला चार ओळींत कळतो.

१४० बीपीएमला १६ बार म्हणजे साधारण २७ सेकंद. एवढा व्हर्स एका दमात म्हणता येईपर्यंत तालीम करा आणि चार-पाच पूर्ण टेक घ्या. एकेक ओळ जोडत गेलं की श्वासांच्या जागा कृत्रिम होतात आणि जोर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येऊन आदळतो. मुख्य टेक ठरला की फक्त यमकाच्या शब्दांवर दुसरा आवाज, आणि मग ॲड-लिब (मधेमधे टाकलेले छोटे उद्गार) वेगळ्या ट्रॅकवर. सगळीकडे दुहेरी आवाज टाकला तर शब्द धूसर होतात.

मिक्समध्ये सर्वात मोठी अडचण बीटची येते. स्वस्त लीजची एमपी३ आधीच छपरापर्यंत दाबलेली असते, त्यात आवाजाला जागाच नसते. ट्रॅकआउट घ्या म्हणते ते यासाठी. अख्खा बीट एकाच स्टिरिओ फाइलमध्ये असेल तर आधी तो ६ डेसिबल खाली आणा, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबलची खोलगी करा, आणि मग आवाज बसवा. आवाजाला ८०-१०० हर्ट्झखाली कापा, २०० ते ४०० मधला गढूळपणा ऐकून थोडा कमी करा, आणि एकाच कॉम्प्रेसरने (आवाजाची चढ-उतार दाबणारं साधन) पिळण्याऐवजी दोन कॉम्प्रेसर लावा, प्रत्येकी तीन-चार डेसिबल. सकार ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात, तिथे डी-एसर (सकार मऊ करणारं साधन). अर्ध्या ठोक्याचा डिले (ओळीमागून येणारा प्रतिध्वनी) १४० ला २१४ मिलिसेकंदांचा येतो. ड्रिलचा घसरणारा ८०८ मोनो ठेवा, आणि त्यात किंचित डिस्टॉर्शन घाला. नाहीतर फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येणार नाही आणि गाण्याचा अर्धा घाट हरवेल.

मास्टरिंगवरचा खर्च मिक्सवर अवलंबून आहे. मिक्स घरी केलं असेल तर उरलेले पैसे मास्टरिंगपेक्षा चांगल्या मिक्स इंजिनिअरला द्या. बिघडलेला तोल मास्टरिंगने सुधारत नाही. पण दहाही गाणी एकाच माणसाकडून, एकाच वेळी मास्टर करून घ्या. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आणतं हे खरं. तरी तो आकडा लक्ष्य म्हणून पकडू नका. रॅपचे मास्टर सर्रास उणे ८-९ ला असतात, आणि त्या घनतेत त्यांचा एक पोत असतो. ट्रू पीक, म्हणजे लहरीचं सर्वात वरचं टोक, उणे १ वर ठेवा. अल्बम सलग ऐकताना स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच वाढ-घट लावतं, म्हणून दोन गाण्यांमधला तुम्ही ठरवलेला फरक तसाच राहतो.

मिक्स उघडं असतानाच प्रत्येक गाण्याच्या चार आवृत्त्या काढून घ्या: मुख्य, शिव्या काढलेली, नुसतं संगीत, नुसता आवाज. रेडिओला दुसरी लागते, मैफलीला तिसरी, रिमिक्सला चौथी. सहा महिन्यांनी सेशन उघडायला गेलं की एखादं प्लगइन सापडत नाही. शिवीच्या जागी बीप नको. तो शब्द उलटा फिरवा किंवा तिथे आवाज बंद करून बीट चालू ठेवा. आणि मराठी शिव्याही काढा, बीबीसीच्या एशियन नेटवर्क रेडिओवर त्या समजणारे लोक आहेत.

ओळींबद्दल आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगते. ड्रिलच्या ढंगात खऱ्या माणसांची नावं, गल्ल्या, टोळ्या आणि धमक्या सहज लिहिल्या जातात. २०१८ मध्ये लंडन पोलिसांच्या मागणीवरून यूट्यूबने असे अनेक व्हिडिओ उतरवले, आणि ब्रिटनच्या न्यायालयांत रॅपचे शब्द पुरावा म्हणून ठेवले गेले आहेत. जे जगणं तुमचं नाही ते लिहू नका. व्हिसावर असलेल्या माणसाने तर नाहीच.

नोंदणीची दारं दोन. पीपीएल ही संस्था ध्वनिमुद्रणासाठी, सदस्यत्व फुकट आहे आणि स्वतःचा आयएसआरसीही तिथूनच मिळतो. हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक त्या मुद्रणाला जन्मभर चिकटतो. मालक म्हणून आणि कलाकार म्हणून, दोन्ही नात्यांनी नोंदणी करा. रेडिओच्या पैशांचे हे दोन वेगळे वाटे आहेत आणि पुष्कळ जण दुसरा विसरतात. ढोलकीवादकाचं नावही तिथे घाला. पीआरएस रचनेसाठी, तिथे एकदाच प्रवेश फी भरावी लागते. डिस्ट्रिब्युटरकडे गाणी दिली म्हणून या दोन्ही नोंदण्या आपोआप होत नाहीत.

डिस्ट्रिब्युटर निवडताना फार डोकं खर्चू नका; सगळे त्याच दुकानांत माल पोचवतात. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांची वर्षाची वर्गणी आहे, सीडी बेबी एकदाच फी घेऊन पुढे कमिशन कापतं. वर्षाला दोन-तीन सिंगल काढणार असाल तर वर्गणी, एकच अल्बम काढून थांबणार असाल तर दुसरा प्रकार. वर्गणी थांबली की गाणी उतरतात का, तुमचा स्वतःचा आयएसआरसी घालता येतो का, आणि मित्रांचे वाटे परस्पर त्यांच्या खात्यात पाठवता येतात का, एवढं वाचून घ्या. शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी मोलाचा आहे. कव्हर ३००० गुणिले ३००० पिक्सेल, त्यावर किंमत, संकेतस्थळ किंवा दुसऱ्या कंपनीचं चिन्ह नको.

तारीख आता ठरवा, आणि उलटी मोजा. अल्बम शुक्रवारी येतो, कारण चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असतो. त्या शुक्रवारच्या १३ आठवडे आधी सगळे मास्टर हातात. १२ आठवडे आधी पहिलं सिंगल अपलोड, ९ आठवडे आधी ते बाहेर. दुसरं सिंगल ५ आठवडे आधी बाहेर, अल्बम त्याच्याही एक आठवडा आधी अपलोड झालेला. मग अल्बममधलं एक अप्रकाशित गाणं स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवा, निदान ४ आठवडे आधी. बाहेर यायला ७ दिवसही उरले नसताना पाठवलंत तर तुमच्या अनुयायांच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) तुमच्या पसंतीचं गाणं जाणार नाही. सिंगल अल्बममध्ये घेताना तोच आयएसआरसी ठेवा, नाहीतर स्ट्रीमचा आकडा शून्यापासून सुरू होतो. बीबीसी इंट्रोड्यूसिंगच्या (नव्या कलाकारांसाठीचा बीबीसीचा उपक्रम) अपलोडरवर शिव्या काढलेली आवृत्ती चढवा, तीही सिंगल बाहेर यायच्या तीन-चार आठवडे आधी. आधीची कागदपत्रं आणि नवे बीट धरले तर आजपासून साधारण २० आठवडे होतात. सहा नाहीत.

व्हिडिओवर कर्ज काढू नका. ग्राइम रॅपर स्केप्टाच्या 'दॅट्स नॉट मी'चा व्हिडिओ ८० पौंडांत झाला होता आणि ब्रिटनचा २०१४ चा मोबो संगीत पुरस्कार त्याला मिळाला. पैसे देऊन स्ट्रीम किंवा प्लेलिस्ट विकत घेणं तर पूर्ण टाळा: कृत्रिम स्ट्रीम पकडले गेले की दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो आणि तो तुमचं गाणं उतरवतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय मुद्रणाचे पैसे सुरू होत नाहीत. चार्टमध्ये अल्बमची एक विक्री मोजली जायला वर्गणीदार श्रोत्यांचे १,००० स्ट्रीम लागतात. पहिल्या अल्बमला त्यामागे धावू नका. लेस्टर, बर्मिंगहॅम आणि लंडनमध्ये तुमच्या कार्यक्रमाला प्रत्येकी ५० माणसं येऊ लागली तर तो पाया जास्त टिकाऊ आहे. प्रत्येक कार्यक्रमानंतर गायलेल्या गाण्यांची यादी पीआरएसकडे पाठवत जा, छोट्या ठिकाणांचेही पैसे मिळतात.

व्हायनल सध्या नको असं माझं मत. काढायचंच ठरलं तर एका बाजूला १८ ते २२ मिनिटं, बास मोनो, सकार मऊ केलेला वेगळा मास्टर, कारखान्याचे काही महिने, आणि छापण्याआधी एमसीपीएसचा (रचनेच्या प्रती काढायची परवानगी देणारी संस्था) परवाना, ज्याचा दर डीलर किमतीच्या, म्हणजे दुकानदाराला पडणाऱ्या किमतीच्या, ८.५ टक्के आहे.

सहा लीजचे करार आज उघडा आणि तीन गोष्टी इथे लिहा: स्ट्रीमची मर्यादा, मुदत आणि रचनेतला बीटवाल्याचा वाटा. नावं नकोत, फक्त अटी. त्या पाहिल्यावर कुठले दोन ठेवायचे आणि कुठल्या चारांचा बीट बदलायचा, ते गाण्यागणिक सांगते.